रँकिंग ६४० म्हणजे चांगलं की वाईट? टेनिसपटूच्या चढणीचा हिशोब

संध्याकाळी खारघर, वाशी किंवा घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टेनिस कोर्टाच्या जाळीबाहेर दहा मिनिटं उभं राहा, आकडे कानावर पडतातच. "हिचं अंडर-फोर्टीन ऑल इंडिया एकशेबारा आहे." "त्याचं आयटीएफ नऊशेच्या आत आलं." "अमक्याला एटीपी पॉइंट मिळाला म्हणे." प्रत्येक पालकाला आपल्या मुलापुरता आकडा तोंडपाठ असतो. हे आकडे एकमेकांशी जुळतात कसे, असं विचारलं की मात्र सगळे कोचकडे बोट दाखवतात, आणि कोच कायम घाईत. परवा एका आईने विचारलं, "सर, हिला रँकिंग कधी येईल?" सर बॉलची बास्केट उचलत म्हणाले, "कुठलं रँकिंग, ताई?" आणि पुढच्या बॅचकडे वळले.

सरांचा प्रश्न रास्तच होता. टेनिसमध्ये क्रमवाऱ्या चार-पाच आहेत आणि खालच्या क्रमवारीत कमावलेले गुण वरच्या क्रमवारीत नेता येत नाहीत. दर पायरीवर पाटी कोरी. आपल्याकडे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आपल्या बिल्डिंगचा नदाल" म्हणून फोटो फिरतो, तेव्हा हा तपशील सहसा गळालेला असतो.

तर पहिल्यापासून बघू. शाळकरी मुलं खेळतात ती अखिल भारतीय टेनिस संघटनेची, म्हणजे एआयटीएची क्रमवारी. १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील असे तिचे वयोगट आहेत. टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज अशा चढत्या दर्जाच्या स्पर्धा होतात. जितकी वरची सिरीज तितके गुण जास्त. महाराष्ट्रात हे सगळं राज्य लॉन टेनिस संघटनेच्या देखरेखीखाली चालतं. मुंबईत तिचं केंद्र कूपरेजला आहे. ठाण्याच्या मुलाला तिथे सकाळी आठची मॅच असेल तर बाप-लेक साडेसहाच्या आत लोकलमध्ये असतात, रॅकेटची किट बॅग गर्दीत डोक्यावर धरून.

त्यावरची क्रमवारी आंतरराष्ट्रीय ज्युनिअर, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची (आयटीएफची). १३ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी. इथे स्पर्धांना जे-३०, जे-६०, जे-१०० असे दर्जे असतात, ते जे-५०० पर्यंत जातात आणि सगळ्यात वर ज्युनिअर ग्रँड स्लॅम. भारताचा इथला इतिहास चांगला आहे. रामनाथन कृष्णन यांनी १९५४ मध्ये ज्युनिअर विम्बल्डन जिंकलं, त्यांचे चिरंजीव रमेश यांनी १९७९ मध्ये, लिअँडर पेसने १९९० मध्ये. युकी भांबरीने २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचं ज्युनिअर विजेतेपद घेतलं आणि तो ज्युनिअर गटात जगात पहिला झाला. पुढे पुरुष एकेरीत युकीची सर्वोत्तम क्रमवारी ८३, तीही २०१८ मध्ये. मधली नऊ वर्षं आणि त्यातल्या दुखापती पाहिल्या की ज्युनिअरमधला पहिला क्रमांक हा किती कच्चा पाया आहे ते कळतं. उलट इटलीचा यानिक सिनर, जो पुढे जगात पहिला झाला, ज्युनिअर स्पर्धा फारशा खेळलाच नाही. सतराव्या वर्षी, २०१९ मध्ये, त्याने बर्गामोची चॅलेंजर (मोठ्या स्पर्धांच्या एक पायरी खालची) स्पर्धा जिंकली आणि सरळ मोठ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मग ज्युनिअर रँकिंगचा उपयोग काय? दार उघडण्यापुरता. वरच्या क्रमांकाच्या ज्युनिअर खेळाडूंसाठी छोट्या व्यावसायिक स्पर्धांच्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे पात्रता फेरीनंतरच्या मूळ स्पर्धेत, थोड्या जागा राखून ठेवलेल्या असतात. पात्रता फेरीची पायपीट वाचते, बस. गुण त्याचे त्यालाच कमवायचे असतात.

पंधरा गुणांचं गणित

व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी पुरुषांसाठी एम-१५, महिलांसाठी डब्ल्यू-१५. यातला १५ म्हणजे एकूण बक्षीस रक्कम, १५ हजार डॉलर. विजेत्याला गुणही १५ मिळतात. पुरुषांत उपविजेत्याला ८, उपान्त्य फेरीत हरणाऱ्याला ४, उपान्त्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला २ आणि मुख्य ड्रॉमध्ये एक मॅच जिंकून दुसरी हरणाऱ्याला १. पहिलीच मॅच हरलात तर शून्य. एटीपी ही पुरुष व्यावसायिक टेनिसची संघटना, तीच जागतिक क्रमवारी काढते; जाळीबाहेर ऐकू येणारा "एटीपी पॉइंट" हा बहुतेक वेळा तो शेवटून पहिला १ असतो. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. जगाच्या क्रमवारीत नाव झळकतं, हजार-बाराशेच्या पलीकडे कुठेतरी.

त्याच्या वर एम-२५, मग चॅलेंजर (५०, ७५, १००, १२५ आणि १७५ अशा दर्जाच्या), मग एटीपी २५०, ५००, १००० आणि शेवटी ग्रँड स्लॅम, विजेत्याला २०००. स्पर्धेच्या नावातला आकडा हे विजेत्याचे गुण. एम-२५ ला २५, चॅलेंजर १०० ला १००. महिलांकडे थोड्या फरकाने अशीच रचना: डब्ल्यू-१५ पासून डब्ल्यू-१०० पर्यंत, मग डब्ल्यूटीए (महिलांची व्यावसायिक संघटना) १२५, मग २५० आणि पुढे.

आता खरी गोम. क्रमवारीत गेल्या ५२ आठवड्यांतले गुण धरतात, पण सगळ्या स्पर्धांचे धरत नाहीत. पुरुष एकेरीत साधारण अठरा-एकोणीस सर्वोत्तम निकालच मोजले जातात. जगात शंभरावा यायला गेल्या काही वर्षांत सहाशेच्या आसपास गुण लागलेले आहेत. समजा, आपल्या खारघरच्या एका मुलाने वर्षभरात एकोणीस एम-१५ स्पर्धा खेळल्या आणि सगळ्याच्या सगळ्या जिंकल्या. असं कुणी करत नाही, पण समजा. एकोणीस गुणिले पंधरा, म्हणजे २८५. जगातल्या छोट्या स्पर्धांमध्ये वर्षभर एकही मॅच न हरता हा मुलगा फार फार तर दोनशेच्या आसपास पोचेल. शंभरात नाहीच.

म्हणजे खालच्या पायरीवर अजिंक्य राहूनही वरची पायरी चढता येत नाही. ती चढायची तर वरच्या स्पर्धेत जाऊन खेळावं लागतं, आणि वरच्या स्पर्धेत घेतात ते रँकिंग बघून. चॅलेंजर १०० मध्ये नुसत्या दोन मॅचेस जिंकून उपान्त्यपूर्व फेरी गाठली तरी १४ गुण मिळतात. एम-१५ मध्ये तेवढ्यासाठी पाच मॅचेस जिंकून करंडक उचलावा लागतो. साहजिकच प्रत्येक जण चॅलेंजरकडे धावतो आणि तिथला कट घट्ट होतो. कट म्हणजे थेट प्रवेश मिळालेला शेवटचा क्रमांक. चॅलेंजरच्या मुख्य ड्रॉचा कट स्पर्धेगणिक बदलतो, पण तीनशे-साडेतीनशेच्या आसपास तो बऱ्याचदा असतो. पाचशेव्या क्रमांकाचा खेळाडू पात्रता फेरीत किंवा बाहेर.

माझ्या मते टेनिसपटूच्या कारकिर्दीतला सगळ्यात चिवट भाग हाच, साधारण सहाशे ते तीनशे. ना तिथे कॅमेरे, ना तिथे पैसे. आपल्याकडच्या बातम्यांत खेळाडू "उगवता" म्हणून येतो तो या टप्प्याच्या आधी ज्युनिअर म्हणून, किंवा याच्या नंतर, शंभरात शिरल्यावर. मधल्या तीन-चार वर्षांत त्याचं काय झालं ते कुणी विचारत नाही. बरेच जण तिथेच थांबतात आणि त्याचीही बातमी होत नाही.

एम-१५ चा एक आठवडा

तो आठवडा जवळून कसा दिसतो? खारघरचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे असं धरू. स्पर्धेच्या अडीच-तीन आठवडे आधी आयटीएफच्या संकेतस्थळावर एंट्री टाकायची. त्यासाठी आयपिन हा खेळाडू क्रमांक दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावा लागतो. त्याच आठवड्यातल्या वेगवेगळ्या देशांतल्या स्पर्धांना पसंतीक्रम लावून नाव टाकता येतं. मग यादी लागते आणि मुलगा दिवसातून दहा वेळा ती उघडून बघतो: वरच्या कितीजणांनी माघार घेतली, आपण पात्रता फेरीतून मुख्य ड्रॉमध्ये सरकलो का. माघार घ्यायची मुदत संपेपर्यंत तिकीट काढायचं की नाही ते ठरत नाही. आणि शेवटच्या क्षणी काढलेल्या विमानाच्या तिकिटाचे भाव आपल्याला ठाऊकच आहेत.

पात्रता फेरी शनिवार-रविवारच्या सुमारास सुरू होते. तिथे तिसरा सेट पूर्ण खेळत नाहीत; दहा गुणांचा मॅच टायब्रेक होतो. म्हणजे दीड तास सरस खेळलेला मुलगा पाच मिनिटांच्या घसरणीत घरी जाऊ शकतो. पात्रता फेरीत बहुतेक कोर्टांवर खुर्चीत पंच नसतात. आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर ते खेळाडूंनी आपणच सांगायचं, फिरता पंच भांडण झाल्यावर येतो. ज्युनिअरमध्ये जाळीला चिकटून उभे राहिलेले आई-बाबा इथे नसतात, आणि बऱ्याचदा कोचही नसतो, कारण दोघांचा खर्च परवडत नाही. हॉटेलची खोली दुसऱ्या खेळाडूबरोबर वाटून घेतलेली असते. गंमत म्हणजे तोच दुसऱ्या दिवशीचा प्रतिस्पर्धी निघू शकतो.

रॅकेटला गटिंग हा वेगळाच हिशोब. पॉलिएस्टरची तार तुटली नाही तरी ढिली पडते. ताण गेला की बॉल लांब जातो. चांगला खेळाडू दर मॅचला नवीन गटिंग केलेलं रॅकेट घेऊन उतरतो. या पायरीवरचा मुलगा मात्र तार तुटेपर्यंत खेळतो, किंवा दोन-तीन जण मिळून एक छोटं गटिंग मशीन घेतात आणि रात्री खोलीवर एकमेकांची रॅकेट बांधतात. मोठ्या क्लबात वाढलेल्या मुलाला मार्कर, म्हणजे क्लबने पगारावर ठेवलेला सरावाचा खेळाडू, कायम हाताशी असतो. इथे सरावासाठी कोण मोकळा आहे ते सकाळी कोर्टावर जाऊन शोधायचं.

एवढं करून मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरला तर हातात येतात दीडशे डॉलरच्या आसपास. साधारण तेरा-चौदा हजार रुपये, त्यातूनही कर कापून. स्पर्धा जिंकली तर सुमारे २,१६० डॉलर. प्रवास, हॉटेल, जेवण, तार यांचं बिल त्याच आठवड्याचं. हिशोब जुळत नाही हे सांगायला सीए लागत नाही.

म्हणून इजिप्तमधलं शर्म अल शेख, ट्युनिशियातलं मोनास्टिर, तुर्कस्तानातलं अंताल्या ही नावं या पायरीवरच्या प्रत्येक खेळाडूला पाठ असतात. तिथे एकाच रिसॉर्टमध्ये आठवड्यामागून आठवडे स्पर्धा चालतात. एकदा विमानाने गेलं की चार-पाच आठवडे तिथेच मुक्काम करून खेळायचं. तिकिटाचा खर्च वाटला जातो, तेवढीच बचत.

बावन्न आठवड्यांनी काय होतं

गुण मिळाले म्हणजे कायमचे जमा झाले, असं टेनिसमध्ये नाही. रेल्वेचा वार्षिक पास जसा तारीख संपली की संपतो, तसे प्रत्येक स्पर्धेचे गुण बावन्न आठवड्यांनी आपोआप उतरतात, मग त्या आठवड्यात तुम्ही खेळा अथवा न खेळा. खेळाडू याला "पॉइंट डिफेंड करणं" म्हणतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात जिंकलेल्या स्पर्धेचे १०० गुण जाणार असतील तर यंदा तिथपर्यंत पोचूनच तुम्ही आहात तिथे राहता. पुढे जायचं तर त्याहून जास्त.

सुमित नागल हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. हरियाणातल्या झज्जरचा हा मुलगा २०१९ च्या यूएस ओपनमध्ये फेडररविरुद्ध पहिला सेट जिंकून प्रकाशात आला. २०२१ च्या अखेरीस त्याच्या कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली, आणि खेळ थांबल्याने क्रमवारी सहाशेच्या पलीकडे गेली. २०२३ मध्ये त्याने रोम आणि ताम्पेरे इथल्या चॅलेंजर जिंकल्या आणि परत वर आला. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला तो पात्रता फेरीतून आत शिरला आणि पहिल्याच फेरीत एकतिसाव्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ही १९८९ नंतरची पहिली वेळ; तेव्हा रमेश कृष्णन यांनी याच स्पर्धेत मॅट्स विलँडरला हरवलं होतं.

गुणांत मांडलं तर: पात्रता फेरी पार केल्याचे ३०, दुसऱ्या फेरीचे ५०, एकूण ८०. महिन्याच्या आत त्याने चेन्नईची चॅलेंजर जिंकली, त्याचे १००. चार आठवड्यांत १८० गुण, आणि १२ फेब्रुवारीला क्रमवारी ९८. शंभरात. जुलैमध्ये तो ६८ पर्यंत पोचला.

मग पुढचा जानेवारी-फेब्रुवारी उजाडला. तेच १८० गुण आता उतरणार होते. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला तो पहिल्याच फेरीत हरला, चेन्नईचं विजेतेपदही राखता आलं नाही, आणि नागल पुन्हा शंभराच्या बाहेर. पेपरात "नागलची घसरण" अशी बातमी आली. खरं तर एका वाईट आठवड्याने हे होत नाही. मागच्या वर्षी चांगले गेलेले आठवडे यावर्षी वजा होत असतात. क्रमवारीतली मोठी उडी बघितली की मी आधी तारीख बघतो, कारण त्याच तारखेला पुढच्या वर्षी परीक्षा असते.

दुखापत झालेल्यांसाठी एक सोय आहे. किमान सहा महिने खेळता आलं नाही तर "प्रोटेक्टेड रँकिंग" मिळतं, म्हणजे दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतली सरासरी क्रमवारी दाखवून काही स्पर्धांत प्रवेश घेता येतो. पण फक्त प्रवेश. गुण पुन्हा शून्यापासून.

शंभर हा आकडा एवढा का महत्त्वाचा

ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जण खेळतात. त्यातले १०४ थेट क्रमवारीवरून येतात, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डवर, म्हणजे यजमानांच्या मर्जीवर. वाइल्ड कार्ड बहुतेक त्या-त्या देशाच्याच खेळाडूंना जातात, आणि चार ग्रँड स्लॅमपैकी एकही भारतात होत नाही. आपल्या खेळाडूला शंभराच्या आसपास क्रमांक असल्याशिवाय थेट प्रवेश नाही. सव्वादोनशेच्या आसपासपर्यंतचे पात्रता फेरीत जातात.

आता पैसे बघा. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ६६ हजार पौंड मिळाले. पाऊण कोटी रुपयांच्या आसपास, एक मॅच हरून. खाली २,१६० डॉलरसाठी पाच मॅचेस जिंकाव्या लागतात. पात्रता फेरीसुद्धा फायद्याची: २०२३ मध्ये नागलने जाहीरपणे सांगितलं होतं की त्या वर्षीचा त्याचा सगळ्यात मोठा चेक यूएस ओपनच्या पात्रता फेरीत पहिलीच मॅच हरल्याचा होता, सुमारे २२ हजार डॉलर. त्याच वेळी तो म्हणाला होता की बँकेत ९०० युरो शिल्लक आहेत आणि एका कोचसोबत वर्षभर फिरायला ऐंशी लाख ते एक कोटी लागतात. तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियात बुब्लिकला हरवल्यावर त्याची त्या स्पर्धेतली कमाई १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर झाली, म्हणजे जवळपास ९८ लाख रुपये.

ही दरी एटीपीलाही दिसली. २०२४ पासून "बेसलाइन" नावाची योजना आली: खेळाडूची वर्षाची कमाई ठरावीक रकमेपेक्षा कमी राहिली तर फरक संघटना भरून देते. २०२४ मध्ये ही रक्कम पहिल्या शंभरातल्यांसाठी ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ साठी दीड लाख, १७६ ते २५० साठी ७५ हजार डॉलर होती. योजना चांगली आहे. पण ती अडीचशेवर थांबते, आणि मी वर म्हटलेला चिवट टप्पा तिच्या बाहेरच राहतो. सहाशेव्या क्रमांकावरच्या मुलाला कुणीच काही भरून देत नाही. त्याचे आई-बाबा देतात.

आपल्या दारातल्या स्पर्धा

घराजवळ स्पर्धा होणं म्हणूनच इतकं मोलाचं. प्रवासाचा खर्च वाचतो आणि वाइल्ड कार्डही आपल्या मुलांना मिळतं. २०२४ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चेन्नई, बंगळुरू, पुणे आणि दिल्लीत सलग चॅलेंजर झाल्या. पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीत २०१८ ते २०२३ दरम्यान एटीपी २५० दर्जाची स्पर्धा भरत होती. तशी स्पर्धा आता भारतात नाही, हे नुकसान छोटं नाही.

महिलांसाठी मुंबईत चर्चगेटजवळ क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर डब्ल्यूटीए १२५ होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती एका एकोणीस वर्षांच्या बेलारूसी मुलीने जिंकली होती. ती नुकतीच पहिल्या शंभरात आली होती आणि इथे फारसं कुणी तिला ओळखत नव्हतं. अरिना सबालेंका. सप्टेंबर २०२३ मध्ये ती जगात पहिली झाली, आणि आज तिच्या नावावर ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपनची एकेरीची विजेतेपदं आहेत. ठाण्याहून लोकलने तासाभरावर भावी नंबर वन खेळत होती आणि आपण वीकेंडला मॉलमध्ये होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच स्पर्धेत कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन रेवती पात्रता फेरीतून आली आणि उपान्त्य फेरीपर्यंत गेली. ती नंतर सरावासाठी स्पेनमधल्या नदालच्या अकादमीत गेली.

लहान मुलींबाबत डब्ल्यूटीएचा एक नियम पालकांनी माहीत करून घ्यावा. १९९५ पासून चौदा ते सतरा वयाच्या खेळाडूंनी वर्षात किती व्यावसायिक स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा आहे. कोवळ्या वयात चमकून कोमेजलेल्या मुली बघून तो आणला गेला. तेराव्या वर्षी मुलीला "प्रो करायचं" ठरवणाऱ्यांनी एवढं लक्षात घेतलं तर बरं.

आणि ठाणे-नवी मुंबईचा एक खास प्रश्न: पाऊस. आपल्याकडची बहुतेक कोर्टं उघडी हार्ड कोर्ट आहेत. जून ते सप्टेंबर त्यांच्यावर पाणी. वायपर आणि स्पंजने कोर्ट कोरडं करून अर्धा तास खेळलं की पुन्हा सर येते. झाकलेली कोर्टं थोडी आणि त्यांचे स्लॉट महाग. वर्षातले तीन-चार महिने असे गेले की मूल ऑक्टोबरमध्ये पुन्हा टायमिंग शोधत बसतं. ज्यांना जमतं ते पुण्याला किंवा परदेशात सरावाला जातात. यात कौशल्यापेक्षा पैसा जास्त बोलतो.

दुसरी वाट आणि दुहेरी

बारावीनंतर दोन रस्ते फुटतात. एक म्हणजे थेट एम-१५ च्या फेऱ्या. दुसरा अमेरिकेत शिष्यवृत्तीवर कॉलेज टेनिस. तिथे कोर्ट, कोच, फिजिओ, प्रवास सगळं विद्यापीठाकडून, आणि पदवीही हातात. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला, २००७ आणि २००८ मध्ये अमेरिकन कॉलेजांचा एकेरीचा विजेता झाला आणि नंतर जगात ६२ पर्यंत पोचला. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सासला शिकली. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिने जिंकलं. पुण्याचाच अर्जुन कढे ओक्लाहोमात खेळला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋत्विक चौधरी बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीला एटीपी स्पर्धेचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. आता अमेरिकेच्या बेन शेल्टनसारखे खेळाडू कॉलेजातून थेट मोठ्या स्पर्धांत पोचल्यावर "कॉलेज म्हणजे माघार" असं कुणी म्हणत नाही. माझं मत विचाराल तर, घरचा पैसा मर्यादित असेल आणि मूल अभ्यासात बरं असेल तर हीच वाट आधी तपासावी. कॉलेजचे कोच एआयटीएच्या क्रमांकापेक्षा यूटीआर (मॅचच्या निकालांवरून काढलेलं खेळाच्या पातळीचं रेटिंग) आणि मॅचचे व्हिडिओ जास्त बघतात.

दुहेरीची क्रमवारी पूर्ण वेगळी. तिथे बक्षिसाची रक्कम दोघांत वाटली जाते, पण कारकीर्द लांब चालते. बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला. सानिया मिर्झा एकेरीत २७ पर्यंत गेली आणि २०१५ मध्ये दुहेरीत पहिली. भारतीय खेळाडू शेवटी दुहेरीकडे का वळतात, याचं उत्तर वरच्या हिशोबातच आहे.

आता सुरुवातीच्या आकड्याकडे. ठाण्याचा एखादा मुलगा "जागतिक क्रमवारीत ६४० वा" अशी बातमी वाचली, तर ते चांगलं की वाईट ते नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्याचं वय बघा. एकोणिसाव्या वर्षी ६४० उत्तम, सत्ताविसाव्या वर्षी ६४० म्हणजे घरात गंभीर बोलणं चालू असणार. गुण एम-१५ मधून आले की चॅलेंजरमधून ते बघा. एम-१५ चे असतील तर वाढायला फार जागा नाही. एटीपीच्या संकेतस्थळावर खेळाडूच्या पानावर कुठले गुण कुठल्या स्पर्धेतले ते तपशीलवार दिसतं. पुढच्या तीन महिन्यांत त्यातले कुठले उतरणार आहेत ते शोधा. आणि फेब्रुवारीत पुण्याच्या चॅलेंजरची यादी लागली की त्याचं नाव मुख्य ड्रॉमध्ये आहे, पात्रता फेरीत आहे, की "अल्टरनेट" म्हणून खाली वाट बघतंय, तेही बघून घ्या.